देवीचा उजवा, माझा उजवा

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. सकाळी पडवीत भाऊजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "वैनी, आता पुढं काय?" म्हटलं, विचार करतेय. तर म्हणाले, "इचार कसला त्यात? धोंडूकाकाला निरोप धाडतो, कौल लावू. देवी सांगंल तसं." मी बशी उचलून आत गेले. त्यांना वाटलं असेल, वहिनीला भरून आलं. भरून आलंच होतं. पण कौलाचं नाव काढल्याबरोबर मला हसूही आवरेना, आणि जिच्याकडे बघून हसावं ती चुलीपाशी नव्हती.

भाऊजी मुंबईला असतात, त्यांना आपल्या दोघींचं भांडण ठाऊक नाही. वाडीत कुणालाच नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा या लिहिण्याला तसा अर्थ नाही. पण मला एखादी गोष्ट कळत नसली की ती कागदावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही, ही माझी खोड तुम्ही पंधरा-सोळा वर्षं सोसलीत. "का गो, का गो करून डोकं खातंस," म्हणायच्या. आता खायला तुमचं डोकं नाही, तर कागद खाते.

"पुढं काय" हे काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. हेदवीच्या बाजूला लोकल बोर्डाचा नवा दवाखाना झालाय, तिथं सुईणबाई हवी आहे. दोनदा विचारणा आली, दोनदा मी तुमच्या दुखण्याचं कारण सांगून नाही म्हटलं. परवा तिसरं पत्र आलं. या आठवड्यात कळवा, नाहीतर दुसरी बघतो, असं लिहिलंय. इकडे भाऊजींचं म्हणणं, घर बंद पडलं तर तुळशीपुढं दिवा कोण लावणार? रत्नागिरीचं इस्पितळ आहेच, तिथून येऊन-जाऊन घर सांभाळ. तेही खोटं नाही. दोन्ही बाजू मला पटतात, तिथंच सगळी पंचाईत आहे.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा या उंबऱ्यातून आत आले तेव्हा तुम्हाला आत्याबाई म्हटलं होतं? तुम्ही म्हणालात, "आत्या कोणाची गो मी? आये म्हण." माझं माहेर घाटावरचं, वाढले मुंबईच्या चाळीत. माझे वडील आणि मामंजी एका गिरणीत कामाला, त्यातून हे लग्न जमलेलं. मला ना तुमचं आये म्हणणं जमलं, ना नारळ खवणं. शेवटी तुम्हीच हात टेकलेत. विहिरीवर बायकांना सांगायच्या, "आमच्या घरात एक घाटी आत्या म्हणून हाक मारतंय, तिला सोडून दुसरं कोण नाय मला आत्या म्हणायला." मी कळशी भरता भरता ऐकायचे. त्यात तक्रार होती की कौतुक, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी उमगलं.

मग तुमचा थोरला लेक मुंबईत तापानं गेला. मी विशीची. पदरात मूल नाही. वर्षभर आपण दोघी या घरात एकमेकींना चुकवत वावरलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत की तुम्हाला तो आठवायचा, मी तुमच्याकडे पाहिलं की मलाही. त्यात शाळेच्या मास्तरांनी बातमी आणली की रत्नागिरीच्या इस्पितळात लिहितावाचता येणाऱ्या बायकांना सुईणीचं काम शिकवतात. मी चार इयत्ता शिकलेली. मी जाते म्हणाले आणि तुम्ही भाताचं पातेलं आपटलंत. "आपलं घर सोडून परक्याच्या बाळंतिणी निस्तरत फिरणार? लोक काय म्हणतील?" तीन दिवस बोलला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, "कौल लावू. देवी व्हय म्हणाली तर जा. नाय म्हणाली तर परत नाव काढायचं नाय." मी कबूल झाले. मला वाटलं, देवीला तरी माझं काही कळेल.

कौल लावताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. धोंडूकाका गुरवांनी वाघजाईच्या दोन खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. "बाये वाघजाई, ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत. सून रत्नांग्रीस जाऊ म्हणतेय. तिनं जावं असं तुझ्या मनात असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." आधी जी कळी पडेल तो कौल, म्हणून मग वाट बघायची. कळी पडेना. गुरव उभे, आपण उभ्या, देवीही उभी. इतक्यात बाहेर आरडाओरडा झाला, धोंडूकाकांची गाय दावं तोडून कुणाच्या तरी वांग्यांत शिरली होती. काका धोतर सावरत पळाले. देवळात तुम्ही आणि मी दोघीच उरलो.

तेव्हा ती पडली. माझ्या डोळ्यांदेखत पडली, माझ्या उजव्या हाताच्या बाजूची. मी ओरडले, "उजवा! आत्याबाई, उजवा दिला!" मी तुमचा हात धरला. वर्षभरात पहिल्यांदाच आपण एकमेकींना शिवलो असू. थोड्या वेळानं दुसरीही कळी गळली. काका धापा टाकत आले तेव्हा दोन्ही कळ्या खाली. त्यांनी खाली बघितलं आणि मग तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, "सून म्हणतेय, उजवा."

हे वाक्य मी पुढं किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं असेल! "उजवा झाला" असं तुम्ही म्हणाला नाहीत. "सून म्हणतेय" म्हणालात. धोंडूकाकांनी विचारलं, "आणि तुमी काय म्हणता?" तर म्हणालात, "अंगारा द्या. खाडीवरची तर सुटायची वेळ झाली." खरं तर आपल्याला त्या दिवशी खाडी ओलांडून कुठंही जायचं नव्हतं.

मी गेले. शिकले. इस्पितळाच्या मागच्या खोलीत राहायचे आणि पंधरा दिवसांनी एकदा तरीत बसून घरी यायचे. तुम्ही पायरीवर बसलेल्या असायच्या आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती झाली?" मी आकडा सांगितला की "पोरगे किती, पोरी किती?" आणि मग विहिरीवर माझ्या आधी बातमी पोचलेली असायची. लोक काय म्हणतील याची काळजी करणाऱ्या त्या तुम्हीच ना?

अशी आठ-नऊ वर्षं गेली. एका सुट्टीत शेजारच्या सखूच्या मुलीच्या स्थळासाठी कौल लावायचा होता, म्हणून आपण दोघी देवळात गेलो. कळी पडली, माझ्या उजव्या हाताची. मी सखूला म्हटलं, "झालं की गं, उजवा दिला!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. धोंडूकाका म्हणाले, "डावा झाला." आणि मग समजावून सांगितल्यासारखं, "बाय, आपण देवीच्या समोर उभे. उजवा-डावा बघायचा तो तिच्या अंगानं, आपल्या न्हवे." सखूची पोर हसली, चार बायका हसल्या. घाटावरची ती घाटावरचीच, असं कुणीसं म्हणालंही. मी मात्र गार पडले. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही छपराची कौलं मोजत होतात.

घरी येऊन आपण आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसलो. लाल रस कोपरापर्यंत आलेला. मी विचारलं, "तेव्हा तो डावा होता ना?" तुम्ही म्हणालात, "मी बघितला नाय. माझं डोळं मिटलेलं होतं." मी रातांबा खाली ठेवला. आत्याबाई, देवळात डोळे मिटणाऱ्यांवर तुम्ही खेकसायच्या, "देवीला बघायला आलात काय झोपायला?" आरती चालू असताना समईत तेल कमी आहे हे तुम्हाला दिसायचं, गुरवाच्या धोतराला भोक आहे हेही दिसायचं. तुमचे डोळे मिटलेले मी आयुष्यात पाहिले ते सतरा दिवसांपूर्वी, आणि तेही मीच मिटवले.

मी म्हटलं, "मग देवीनं मला जाऊ नको म्हटलं होतं, आणि मी गेले." तुम्ही शांतपणे बी काढत म्हणालात, "नको वाटलं असतं तर तिनं तुला परत आणलं असतं. एवढ्या वर्सांत काय तिला सवड झाली नाय?" मला तेव्हा फार राग आला. मी एवढा जिवाचा प्रश्न विचारतेय आणि ही बाई थट्टा करतेय. आता वाटतं, ती थट्टा नसावी. तुमचा तसा हिशेब खरोखरच असावा. नक्की काय ते सांगता येत नाही, आणि हेच मला छळतं.

मग मी काय केलं ते आठवतंय का? दुसऱ्या दिवशी परसात पाटा उभा केला, त्याच्यावर तगरीच्या दोन ओल्या कळ्या लावल्या आणि बघत बसले. मला बघायचं होतं, कुठली आधी पडते ते. एकदा इकडची, एकदा तिकडची, दोनदा एकदम, एकदा तर एक कळी तशीच सुकून चिकटून बसली. तुम्ही शेणी थापून परत आलात आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. "काय गो, पाट्याला कौल लावतंस? काय म्हणतोय पाटा?" मी म्हटलं, "काहीच म्हणत नाही." "मग वाटण वाट त्याच्यावर," म्हणालात. त्या दिवशी आपण इतक्या हसलो की सखू कुंपणापलीकडून विचारायला आली, काय झालं म्हणून.

पण ते हसणं पुरलं नाही. पुढच्याच वर्षी डोलीत घालून आणलेली एक कोवळी पोर माझ्या हाताखाली गेली. दोन दिवस अडलेली होती, डॉक्टरांनीही हात टेकले. मूल वाचलं, ती गेली. मी त्याच आठवड्यात घरी आले आणि पायरीवरच बसले. तुम्ही "किती झाली" विचारलं नाहीत, तुम्हाला माझ्या तोंडावरून कळलं. मी म्हणाले, "मला देवीनं नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही, त्याचं हे फळ." तुम्ही माझा दंड धरलात, घट्ट, वळ उठेपर्यंत. "तू मारलंस काय तिला? तू नसतीस तर तिच्या उशाशी कोण होतं? तिचा हात कोणाच्या हातात होता?" मी म्हटलं, माझ्या. "मग देवी काय वेगळं करते?" एवढं बोललात आणि मला ऊन पेज वाढलीत. मी रडत रडत प्यायले. तुमच्या हातची ती पेज मला अजून तोंडात जाणवते, आत्याबाई.

तरीही माझं मन निश्चिंत झालं नाही. तुम्हाला वाटायचं, मी तुमच्यावर रागावले आहे. राग नव्हता. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी सांगावं, ही वाट मला देवीनं दाखवली की मी चुकून या वाटेवर चढले? कारण वाट दाखवलेली असली तर चुकलं तरी तिच्या पदरात टाकता येतं. चुकून चढलेली असली तर सगळं माझ्या एकटीच्या माथी. शेवटच्या चार महिन्यांत, तुमचं अंग पुसताना, दोनदा विचारलं मी. एकदा तुम्ही ऐकू न आल्याचं सोंग घेतलंत. दुसऱ्यांदा म्हणालात, "केस नीट विंचर, ओढतंस."

इथवर लिहिलं आणि धोंडूकाका आले. भाऊजींनी खरोखरच निरोप धाडला होता. म्हातारे फार थकलेत, काठी टेकत पायऱ्या चढले. पाणी दिलं. भाऊजी बागेत गेले होते. काका म्हणाले, "कौल लावायचा म्हणतो तुझा दीर. तुला लावायचाय काय?" मी म्हटलं, "काका, मला डावं-उजवं कळत नाही, सगळ्या गावाला माहिती आहे." ते हसले नाहीत. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "आता त्या गेल्या. आता सांगाया हरकत नाय."

मग त्यांनी सांगितलं. माझ्या त्या कौलानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकट्या देवळात आलात. काका फुलं वाहत होते. त्यांना वाटलं, पुन्हा कौल लावायचाय. तुम्ही म्हणालात, "कौल नको. मला हिच्याशी बोलायचंय. तुमी ऐकलंत तरी चालंल, पण बाहेर काढायचं नाय." आणि देवीपुढं उभं राहून, डोळे चांगले उघडे ठेवून, तुम्ही बोललात. काकांनी ते शब्द इतकी वर्षं जपून ठेवले होते, म्हणून मीही तसेच उतरवते.

"बाये, तू डावा दिलास, तो मी बघितला. माझ्या मनात होतं तेच तू दिलंस. पण माझ्या सुनेला तो उजवा दिसला आणि पोर हसलं. वर्षभर तिच्या तोंडावर हसू नव्हतं. तिला हसवलं ते पण तूच ना? मग दोन्हीतला तुझा कौल कुठला, ते मला अडाणी बाईला कळत नाय. मी पोरीचं हसणं धरून चाललेय. तिला मी जाऊ देणार. चुकलं असंल तर ते माझ्याकडं लाव, तिच्याकडं नको. आणि आता तू इथं बसून ऱ्हाव नको. ती नवखी हाय, तिला वाटा ठाव नायत. तिच्या मागनं जा."

धोंडूकाका उठून गेले. आधी तुमचा राग आला, अगदी खरा राग. एवढं सगळं पोटात ठेवून माझ्याशी खोटं बोललात, तेही रातांबे फोडता फोडता! मी त्या पोरीच्या मरणाचं ओझं उचलून आले तेव्हाही बोलला नाहीत. मग कळलं की बोलला असतात तर काय झालं असतं. ते देवीशी केलेलं बोलणं मला सांगितलं असतंत, तर तो डावा होता हे पक्कं झालं असतं, आणि मी हातातलं काम टाकून घरी येऊन बसले असते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत होता. तुम्हाला मी घरात नको होते असं नाही. मी घरात बसावं म्हणून तर तुम्ही कौल लावायला निघाला होतात. मागितलं होतं ते हातात पडलं, आणि तुम्ही ते माझ्यासाठी परत केलंत. माझ्या आईनंही माझ्यासाठी असं काही केलं असेल की नाही, मला माहीत नाही.

मी उठून देवळात गेले. भाऊजी मागून आले, म्हणाले, "काका फुलं घेऊन येतायत, थांब जरा." मी म्हटलं, "नको भाऊजी, काही विचारायचं नाही. मी हेदवीला जातेय. तुळशीपुढं दिवा सखू लावील, तिला मी सांगते." मग म्हणाले, "आये असती तर?" मी म्हटलं, "तिनंच पाठवलंय." ते देवीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मग मी जयगडपर्यंत पोचवाया येतो."

आता दिवेलागण झाली आहे. पत्राचं उत्तर लिहून ठेवलंय. उद्या सकाळी निघायचं. आता वाट बरोबर की चूक हे मला पुरतं कळलंय, असं मी म्हणणार नाही. तिकडचं गाव कसं असेल, बायका मला घरात घेतील की नाही, कशाचाच पत्ता नाही. भीती वाटते. पण ही भीती घेऊन चालता येतं, हे आज कळलं. एक गोष्ट मात्र धोंडूकाकांनाही सांगता आली नाही, मी त्यांना दोनदा विचारलं. तुम्ही तिला माझ्यामागून जायला सांगितलंत. आत्याबाई, ती काय म्हणाली हो?